हेम-बाइदेउ कोणाच्या बाजूनं

"हेम-जेठाई गाणार नसेल तर मला ते पाणी आणणं-बिणणं काही नको," पाही म्हणाली. "शॉवर घेईन आणि मांडवात येऊन बसेन."

माझी लेक ह्यूस्टनमध्ये जन्मली, इथंच वाढली, आता लोकांचे दात काढते. तिच्या तोंडून हे ऐकून मला आधी हसू आलं, पण ती थट्टा करत नव्हती. आम्हा असमिया लोकांत लग्नाआधी जोरोण असतं. वराची आई दागिने, कपडे आणि तेल घेऊन नवरीच्या घरी येते, नवरीच्या डोक्यावर तेल घालते, आणि मग नवरीच्या आईनं बायकांना घेऊन गात गात तिच्या आंघोळीचं पाणी आणायचं. न गाता आणलं तर ते नुसतंच घागरीतलं पाणी. गेल्या वर्षी आमच्या मृदुला काकतीनं लेकीच्या वेळी फोनवरून स्पीकरवर गाणी लावून पाणी आणलं होतं. अर्ध्या वाटेत गाडीच्या विम्याची जाहिरात लागली, आणि अकरा बायका घागरी घेऊन जाहिरात संपायची वाट बघत रस्त्यात उभ्या राहिल्या.

ह्यूस्टनात ही गाणी जिच्या पोटातून येतात अशी बाई एकच, हेमप्रभा बरठाकुर; मला त्या हेम-बाइदेउ, म्हणजे हेमताई, आणि पाहीला हेम-जेठाई, म्हणजे मोठी मावशी. त्यांचे यजमान खगेनदा आणि माझे निरोद दोघंही आसामातल्या दुलियाजानच्या तेलकंपनीतले, दोन वर्षांच्या अंतरानं इथं आले. मी आले तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि मला भातसुद्धा धड येत नव्हता. हेम-बाइदेउंनी मला रांधायला शिकवलं, पाहीच्या वेळी दवाखान्यात माझा हात धरून बसल्या, आणि पाही अठरा वर्षांची होईपर्यंत दर रविवारी आपल्या गॅरेजमध्ये तिला असमिया अक्षरं आणि गाणी शिकवत राहिल्या. मग भांडण झालं.

भांडण माझ्यामुळं झालं. लुइतपार समाज हे आमचं इथलं मंडळ. त्याच्या बिहूच्या सणाला, पुराच्या मदतीसाठी राबलेल्या लोकांचा सत्कार होता. चिटणीस मी. मानानं गळ्यात घालतात ते नक्षीचे गामोसे, आमचे विणलेले पंचे, मोजून आणले होते आणि एक कमी पडला. यादीतलं शेवटचं नाव खगेनदांचं. मंचावर उभी होते, लोक बघत होते, मला काही सुचेना. स्वयंपाकघरातून मी एक गामोसा मागवला. नवा होता, पण बिननक्षीचा, साधा होता. तसल्या साध्या गामोशानं आमच्यात अंग पुसतात. तो मी दोनशे माणसांसमोर त्या भल्या माणसाच्या गळ्यात घातला. खगेनदांनी हसून नमस्कार केला आणि कार्यक्रम संपेपर्यंत तो गळ्यात घालून सगळ्यांशी बोलत हिंडले. हेम-बाइदेउ हसल्या नाहीत. मी माफी मागायला हवी होती. मी त्याऐवजी इतरांना सांगत सुटले की एका कापडावरून एवढं काय.

महिन्याभरात चौदा कुटुंबं समाजातून बाहेर पडली आणि त्यांनी 'बांधव' नावाची संस्था काढली. त्याला आता अकरा वर्षं झाली. त्यांनी पूरग्रस्तांना कांबळी पाठवली की आम्ही मच्छरदाण्या पाठवायच्या. त्यांचा बिहू ज्या शनिवारी, त्याच शनिवारी आमचा. आसामात धेमाजीकडच्या एका शाळेत आम्ही हातपंप बसवला, तर त्याच अंगणात वीस पावलांवर बांधवनं दुसरा बसवला. दोन्हींवर संगमरवरी पाट्या आहेत. त्या शाळेच्या संडासाला दार मात्र अजून नाही, आणि त्याचं दुःख दोन्हीकडे कुणालाच नाही.

चार वर्षांपूर्वी खगेनदा गेले. आमच्या समितीनं ठरवलं की पुष्पचक्र पाठवायचं पण कुणी जायचं नाही, उगाच त्या दारात शोभा नको. पुष्पचक्र गेलं, त्याच्या रिबिनीवर समाजाचं नाव होतं. मी, रुनुमी फुकन, गेले नाही, एवढंच सगळ्यांना माहीत आहे.

तर आता या बाईला बोलवायचं होतं, आणि बोलावण्याचीही आम्ही आधीच माती करून ठेवली होती. निरोदनी मोठ्या हौसेनं फोनवरची पत्रिका बनवली होती, तिच्यात ढोलावर एक गेंडा नाचायचा. ती त्यांनी जुन्या यादीतल्या यच्चयावत लोकांना एका फटक्यात पाठवून दिली. त्या यादीत हेम-बाइदेउ होत्या. आमच्यात लग्नाचं बोलावणं घरी जाऊन करायचं असतं, काशाच्या शराईत, म्हणजे उभ्या बुडाच्या तबकात, तामूल-पान, म्हणजे सुपारी आणि पान, मांडून समोर ठेवायचं असतं. समोरच्यानं सुपारीची फोड उचलली की आमंत्रण स्वीकारलं. जिच्या मांडीवर माझी लेक मोठी झाली, तिला मी गेंडा पाठवला होता.

दुसऱ्याच दिवशी मी पाट रेशमाची मेखला-चादर, आमची दोन तुकड्यांची साडी, नेसले, शराई घेतली आणि त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि चहा टाकायला आत गेल्या. भिंतीवर खगेनदांचा फोटो होता. मी त्याच्याकडे पाठ होईल अशी खुर्ची निवडली, मग ते बरं दिसेना म्हणून उठून दुसरीकडे बसले.

"पत्रिका मिळाली," त्या चहा ठेवत म्हणाल्या. "गेंडा छान नाचतो."

मी शराई पुढं केली, वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "बाइदेउ, पाहीचं पाणी आणायचंय. तुम्ही आला नाहीत तर ती आंघोळ करणार नाही म्हणते."

"मग मळकीच बसेल."

"तिनं काय वाकडं केलंय तुमचं?"

"तिनं काही नाही केलं," त्या म्हणाल्या आणि बशीत चहा ओतून पिऊ लागल्या.

मग त्यांनी नवऱ्यामुलाची चौकशी केली. नेथन काय करतो, त्याची आई कशी आहे, मासे खाते का. मी सांगत होते आणि माझं सगळं लक्ष त्या शराईकडे होतं. त्यांनी सुपारीला हात लावला नाही. परतही केली नाही. मी निघाले तेव्हा शराई उचलायला गेले, तर म्हणाल्या, राहू दे, मग ने. न 'हो', न 'नाही'. पुढचे नऊ दिवस मी त्या 'राहू दे'चा अर्थ लावत बसले.

फोन करून विचारायची सोय नव्हती. एकदा तामूल समोर ठेवल्यावर "येताय ना" असं विचारणं म्हणजे ठेवलेलं परत मागणं. मग मी काय करणार? मी कपाटं रिकामी केली आणि पुन्हा तशीच भरली. खुर्च्या मोजल्या, भाड्यानं आणखी वीस सांगितल्या, मग रद्द केल्या. परसातली केळ हिवाळ्यात करपून काळी पडली होती आणि नवरीला तर केळीच्या झाडांमध्ये बसवून न्हाऊ घालायचं असतं, म्हणून दोन नर्सऱ्या पालथ्या घालून कुंडीतल्या चार केळी आणल्या. बांगलादेशी दुकानात पानं घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराला आडून आडून विचारलं की बरठाकुरबाई इतक्यात आल्या होत्या का, काही जास्तीचं नेलं का. तो म्हणाला, त्या काल आल्या होत्या आणि एक किलो बासमती घेऊन गेल्या. त्या बासमतीवर मी दोन दिवस विचार केला.

निरोद म्हणाले, येतील नाहीतर नाही येणार. नवऱ्यांना अशी उत्तरं कुठून सुचतात ते एकदा शोधून काढलं पाहिजे. पाही रोज दवाखान्यातून आली की एकच विचारायची, "उचललं का?" चौथ्या दिवशी मी तिच्यावर ओरडले की तुला एवढं असेल तर तू जा. ती तडक वर गेली, आणि मला वाटलं, झालं, रुसली.

त्यात मृदुला आली. ती आता समाजाची चिटणीस आहे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि माझ्यापेक्षा दहापट कडक. तिला कुठून तरी कळलं होतं की मी शराई घेऊन गेले होते.

"रुनुमी-बाइदेउ, स्पष्ट सांगते," ती म्हणाली. "बांधवची एक जरी बाई तुमच्या अंगणात गायला आली, तर आमच्यातली एकही तोंड उघडणार नाही."

"आत्ता तरी कुठं उघडताय?" मी म्हटलं. "पंधरा दिवस विचारतेय, सगळ्यांचे घसे बसलेत."

"येत नाहीत आम्हाला ती गाणी. खोटं कशाला सांगू?"

"मग तो विम्याचा स्पीकर घेऊन ये."

ती रागानं निघून गेली. चुकलंच माझं, पण त्या आठवड्यात माझ्या तोंडाला लगामच राहिला नव्हता. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. एकुलत्या एका लेकीच्या अंगावर मुकं पाणी पडणार, आणि त्याला मी जबाबदार, दुसरं कुणी नाही.

जोरोणच्या दिवशी सकाळी दहाला मृदुला अकरा बायकांना घेऊन आली. पाहीसाठी आलोत, तुमच्यासाठी नाही, हे तिनं फाटकातच सांगितलं आणि स्पीकर भिंतीला लावून ठेवला. मी परसात केळीच्या कुंड्यांमध्ये पाट मांडला, पाहीला बसवलं, आणि दर दोन मिनिटांनी रस्त्याकडे बघत राहिले. हेम-बाइदेउंचा पत्ता नव्हता. साडेदहाला वराकडची मोठी गाडी आली. नेथनची आई कॅरल उतरली. मेखला-चादर नेसली होती आणि अगदी नीट नेसली होती. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, कारण आठवड्यापूर्वी मी तिला नेसवून दाखवली होती तेव्हा ती पडद्यात अडकल्यासारखी दिसत होती.

तिच्या मागून हेम-बाइदेउ उतरल्या. त्यांच्या मागून बांधवच्या चार बायका.

माझे डोळे भरून आले. मी हात पुढं करून धावले. त्यांनी तळहात दाखवून मला मध्येच थांबवलं.

"मी वराकडून आलेय, रुनू," त्या म्हणाल्या. "तू तुझ्या बाजूला उभी राहा."

कॅरलनं आनंदानं सगळा खुलासा केला. पाहीनं तिला सांगितलं होतं की वराकडच्यांनीही गाणाऱ्या बायका आणायच्या असतात. तिच्याकडे कुणी नव्हतं. म्हणून पाहीनंच दिलेल्या पत्त्यावर ती तामूल-पान घेऊन गेली, पाहीनं शिकवलं तसं वाकली, आणि त्यांनी लगेच सुपारी उचलून तोंडात टाकली. मी पाहीकडे पाहिलं. पाही आपल्या नखांकडे पाहत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ दिवस माझी सुपारी सुकवली आणि कॅरलची लगेच खाल्ली. पण बोलायची सोय नव्हती, कारण तेवढ्यात हेम-बाइदेउंनी फाटकातच पहिली ओळ उचलली. सत्तरीची बाई, पण आवाज असा की शेजारच्या घराची खिडकी उघडली.

*दारात आलो तरी उघडेना कडी,*
*नवरीची आई कुठं मारून बसली दडी?*

जोरोणच्या गाण्यांत दोन्ही बाजूंनी एकमेकींना काय वाट्टेल ते म्हणायचं असतं. रागवायचं नाही. उत्तर द्यायचं, तेही गाऊन, आणि जिला उत्तर सुचणार नाही ती हरली. हे सगळ्यांना माहीत होतं, पण आमच्या बाजूला बारा बायका तोंडं मिटून उभ्या होत्या. हेम-बाइदेउंनी थोडी वाट पाहिली आणि माझ्या माशाच्या आंबट कालवणाकडे वळल्या.

*आंबटात मासा शोधून सापडेना,*
*फुकनांच्या घरची मूठ काही उघडेना!*

बांधवच्या बायकांनी जिभा हलवून उरुलीचा मंगल गजर केला. आमच्याकडची एक खुदकन हसली आणि मृदुलानं तिला कोपर मारलं. मग हेम-बाइदेउंची नजर त्या स्पीकरवर गेली.

*फलक केला मोठा, त्याहून मोठा फोटो,*
*गाण्याची वेळ आली की घसा कसा बसतो?*

मृदुला लाल झाली. मला वाटलं ही आता पाय आपटत जाणार आणि अकरा जणींना घेऊन जाणार. ती पुढं आली, चादरीचं टोक कमरेला खोचलं, आणि तिच्या घशातून तिच्या नलबारीच्या आजीचा सूर बाहेर पडला. हा सूर आपल्यात आहे हे तिलाही ठाऊक नसावं.

*आम्ही खणला पंप, तिथं तुम्ही खणला दुसरा,*
*नक्कल करणाऱ्यांनो, आता चादर तोंडावर पसरा!*

आमच्या बाजूनं अशी उरुली उठली की केळीच्या कुंडीवरचा पक्षी उडाला. त्यानंतर कुणाचा घसा बसलेला राहिला नाही. ज्यांना पंधरा दिवस एक ओळ आठवत नव्हती, त्यांना आईची, मावशीची, शेजारणीची अख्खी कडवी आठवू लागली. जिला आठवत नव्हती ती उभ्या उभ्या जोडत होती. अकरा वर्षांचं सगळं बाहेर आलं, कांबळी, मच्छरदाण्या, चोरलेला शनिवार, कुणाच्या बिहूत ढोल फाटला आणि कुणाच्या बिहूत भात कमी पडला. तिकडून चिमटा आला की इकडून त्याहून मोठा. कॅरल दर ओळीला टाळ्या वाजवत होती, तिला लागणाऱ्या ओळींनाही. तिनं पाहीच्या डोक्यावर तीनदा तेल घातलं, आणि पाही तेलानं निथळत, हसून हसून पाटावर लवंडत होती. मीही हसत होते. पण हेम-बाइदेउ अजून माझ्यावर परत आल्या नव्हत्या.

मग त्या आल्या. लय उतरवली, आवाजही उतरवला, आणि दुसऱ्या कुणाकडे न बघता, सरळ माझ्याकडे बघून म्हटलं.

*घर रिकामं झालं तेव्हा दारी गाड्या किती,*
*एकच गाडी आली नाही, तिचीच वाट होती.*

उरुली द्यायला उघडलेली तोंडं तशीच राहिली. कॅरलनं एक टाळी वाजवली आणि मग हात खाली घेतले. मृदुलानं माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाली, रुनुमी-बाइदेउ, राहू द्या, मी काहीतरी जुळवते. मी मनगट सोडवून घेतलं. गाता मला येत नाही, शाळेतसुद्धा मला मागच्या रांगेत उभं करून नुसते ओठ हलवायला सांगायचे. पण हे उत्तर दुसरीनं देण्यासारखं नव्हतं, आणि बोलून दिलेलं चाललं नसतं.

*आली होती गाडी, बाइदेउ, वळणावर थांबली,*
*पाय खाली टाकायची हिंमत नाही झाली.*

आवाज फाटला, सूर तर कुठल्या कुठं गेला. पण खरं तेच होतं. पुष्पचक्र दुकानदारानं नेलं आणि मी त्याच्या मागोमाग गाडी घेऊन गेले होते. त्यांच्या गल्लीच्या वळणावर इंजिन चालू ठेवून बसले होते. दारातली माणसं दिसत होती. पाऊण तास बसले आणि परत आले. निरोदनाही सांगितलं नव्हतं.

हेम-बाइदेउंनी उत्तरासाठी तोंड उघडलं. चाळीस वर्षांत ज्या बाईला कधी ओळ कमी पडली नाही, तिला ती सापडेना. शेवटी त्या गाण्यातून बाहेर आल्या आणि साध्या आवाजात बोलल्या.

"चार वर्षं लागली तुला, रुनू," त्या म्हणाल्या. "वळणापासून दारापर्यंत यायला."

"हो," मी म्हटलं.

"ते विचारायचे शेवटी-शेवटी. रुनू आली नाही का, म्हणून. मी सांगायचे, येईल उद्या."

मी तिथंच उभी राहून सगळ्यांसमोर रडले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही. माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत, आणि मी ते मागावं एवढी निर्लज्ज मी नाही. त्या पाहीकडे गेल्या, तिच्या कपाळावर ओघळलेलं तेल स्वतःच्या चादरीच्या टोकानं पुसलं, आणि घागर उचलून माझ्या हातात दिली.

"पोरगी कधीची ताटकळलीय," त्या म्हणाल्या. "पाणी नवरीच्या आईनंच आणायचं असतं. चल."

आमच्या वसाहतीच्या मागं पावसाच्या पाण्याचं तळं आहे. तिकडे निघालो तेव्हा दोन्ही संस्थांच्या बायका एकमेकींना ढकलत मागून येत होत्या आणि पुढं कोणी चालायचं यावरून तिथंही त्यांची कुरबुर चालू होती. हेम-बाइदेउ एक ओळ म्हणायच्या आणि थांबायच्या. दुसरी मला म्हणावी लागायची, जशी येईल तशी.